इंग्रजी शब्दांच्या जाती वाक्यात ठरतात

‘अंडरलाइन द नाउन्स.’ मुलाच्या वर्कशीटवर एवढीच सूचना असते आणि संध्याकाळी घरात वाद पेटतो. वाक्य साधं असतं: ‘रनिंग इज गुड फॉर हेल्थ.’ मुलगा ‘हेल्थ’खाली रेघ मारतो. आई म्हणते, ‘रनिंग’खाली पण मार. बाबांना ते पटत नाही. धावणं ही क्रिया, मग ते क्रियापदच असणार, नाम कुठलं? आईचं बरोबर असतं, पण का बरोबर, ते तिलाही सांगता येत नाही. मुलगा दोघांकडे बघून खोडरबर उचलतो.

मुंबईतल्या बऱ्याच मराठी घरांत हा वाद ओळखीचा आहे. आजच्या पालकांपैकी अनेकांनी मराठी शाळेत पाचवीला इंग्रजीची एबीसीडी गिरवली. राज्यातल्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं, तोवर त्यांची प्राथमिक शाळा संपली होती. मुलं मात्र केजीपासून इंग्रजी माध्यमात. अभ्यास घ्यायला बसलं की पालकांना एकच व्याख्या आठवते: व्यक्ती, वस्तू किंवा ठिकाण यांचं नाव म्हणजे नाम. व्याख्या चुकीची नाही, पण तिच्या भरवशावर इंग्रजीत फार लांब जाता येत नाही.

आठ जाती एका दमात

शाळेच्या इंग्रजी व्याकरणात शब्दांच्या आठ जाती सांगतात. नावं आपल्या ओळखीची आहेत. ‘नाउन’ म्हणजे नाम, ‘प्रोनाउन’ म्हणजे त्या नामाऐवजी येणारं सर्वनाम. ‘अ‍ॅडजेक्टिव्ह’ म्हणजे नामाबद्दल जास्त माहिती देणारं विशेषण. ‘व्हर्ब’ म्हणजे क्रियापद, आणि ‘अ‍ॅडव्हर्ब’ म्हणजे कसं, कधी, कुठे हे सांगणारं क्रियाविशेषण. ‘प्रेपोझिशन’ म्हणजे आपलं शब्दयोगी अव्यय, ‘कंजंक्शन’ म्हणजे दोन शब्द किंवा वाक्यं जोडणारं उभयान्वयी अव्यय. उरलं ‘इंटरजेक्शन’, म्हणजे ‘वॉव’, ‘ओह’सारखं केवलप्रयोगी अव्यय. त्याच्या वापराबद्दल यापुढे काहीच सांगणार नाही, कारण त्यात कोणी चुकत नाही. यापुढे नावं मराठीच वापरू.

यादी पाठ करायला पाच मिनिटं लागतात. अडचण पुढे येते. शब्द समोर आला की त्याच्यावर यातलं कोणतं नाव लावायचं?

‘फास्ट’ची जात कोणती?

मुंबईकराला हा शब्द शिकवावा लागत नाही. ‘द फास्ट ट्रेन इज फुल.’ इथे ‘फास्ट’ गाडीबद्दल सांगतो, म्हणून विशेषण. ‘द ट्रेन रन्स फास्ट.’ आता तो धावण्याबद्दल सांगतो, म्हणून क्रियाविशेषण. ‘ग्रँडमदर फास्ट्स ऑन एकादशी.’ आजी उपवास करते, तेव्हा क्रियापद. ‘शी ब्रोक हर फास्ट.’ तिने उपवास सोडला, तेव्हा नाम. अक्षरं तीच, आणि आठांपैकी चार जाती एकट्याने लावल्या.

कोणी म्हणेल, ही लबाडी झाली. वेग आणि उपवास असे दोन वेगळे अर्थ आहेत, म्हणजे शब्दच दोन आहेत. ठीक, मग ‘बॅक’ घ्या, त्यात ‘मागे, मागचा’ हा धागा कुठेच तुटत नाही. ‘माय बॅक हर्ट्स’ म्हणजे पाठ दुखते, इथे नाम. ‘यूज द बॅक डोअर’ मध्ये विशेषण. ‘कम बॅक’ मध्ये क्रियाविशेषण. ‘बॅक द कार’ मध्ये ड्रायव्हरला गाडी मागे घ्यायला सांगितलंय, म्हणून क्रियापद.

चाळीतली दहा बाय बाराची खोली आठवा. सकाळी स्टोव्ह पेटला की ते स्वयंपाकघर, पाहुणे आले की दिवाणखाना, रात्री गाद्या पसरल्या की बेडरूम. ही खोली ‘मुळात’ काय आहे, या प्रश्नाला अर्थ नाही. आत्ता तिथे काय चाललंय तेवढं विचारायचं. इंग्रजी शब्दाचं असंच आहे. वाक्याबाहेर एकटा ठेवलेला ‘फास्ट’ कोणत्याच जातीचा नसतो.

मराठीत हा घोळ का होत नाही?

कारण मराठी शब्द काम बदलताना बहुतेक वेळा रूपही बदलतो. रेल्वेच्या जगातलंच उदाहरण घ्या. ‘धावणं तब्येतीला चांगलं’, ‘धावत्या गाडीत चढू नका’, ‘गाडी उशिराने धावत आहे’. धावणं, धावत्या, धावत आहे: शेपूट बघितलं की कळतं कोण काय काम करतंय. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘रनिंग’ आणि फक्त ‘रनिंग’. ‘रनिंग इज गुड’ मध्ये ते नाम, ‘अ रनिंग ट्रेन’ मध्ये विशेषणाचं काम करतंय आणि ‘द ट्रेन इज रनिंग लेट’ मध्ये क्रियापदाचा भाग आहे. वर्कशीटवरच्या वादात बाबा मराठी माणसाच्या सवयीनेच चुकले. त्यांनी शब्दाचा चेहरा पाहिला, त्याची जागा नाही पाहिली.

मराठीत विभक्तीचे प्रत्यय असल्यामुळे शब्द हलवले तरी बिघडत नाही. ‘राजूने मीनाला हाक मारली’ म्हणा नाहीतर ‘मीनाला राजूने हाक मारली’ म्हणा, हाक मारणारा राजूच. इंग्रजीत ‘राजू कॉल्ड मीना’ आणि ‘मीना कॉल्ड राजू’ या दोन उलट गोष्टी आहेत, कारण ‘ने’ आणि ‘ला’ यांचं काम तिथे शब्दांचा क्रम करतो. क्रम चुकला की अर्थ गेला.

अजून एक गंमत आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. आपण इंग्रजी शब्द उचलतो आणि त्याला ‘कर’ चिकटवतो: फोन कर, बुक कर, पार्क कर, कॅन्सल कर, व्हॉट्सअ‍ॅप कर. मराठीच्या दृष्टीने ‘पार्क’ एकटा क्रियापद होऊ शकत नाही, त्याला ‘कर’चा आधार लागतो. इंग्रजीत मात्र ‘शिवाजी पार्क’ मधलं नाम आणि ‘पार्क हिअर’ मधलं क्रियापद यांच्यात काहीही जोडावं लागत नाही. म्हणून दिवसभर इंग्रजी शब्द वापरणाऱ्या माणसालाही त्यांच्या जाती नीट दिसत नाहीत. मराठीत येताना त्या जाती गळून पडलेल्या असतात.

नाम ओळखायचं कसं?

लोकल उशिरा आली की घोषणा होते, त्यातला ‘इनकन्व्हिनियन्स’ हा शब्द मुंबईतलं शेंबडं पोरही ओळखतं. गैरसोय ही व्यक्ती नाही, वस्तू नाही, ठिकाण तर नाहीच. व्याख्येप्रमाणे ते नाम ठरायला नको. पण आहे. कारण घोषणेत त्याच्याआधी ‘द’ आहे आणि पुढचं ‘इज रिग्रेटेड’ हे त्याच्याबद्दलच बोललं जातंय.

म्हणून अर्थाऐवजी शेजारी बघा. शब्दाआधी ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ किंवा ‘माय’, ‘धिस’ असं काही बसतं का? त्याचं अनेकवचन होतं का? ‘इन’, ‘फॉर’, ‘ऑफ’ यांच्या लगेच नंतर तो आलाय का? त्याच्याऐवजी ‘इट’ किंवा ‘दे’ ठेवून वाक्य चालतं का? यातल्या एक-दोन प्रश्नांना जरी ‘हो’ आलं तरी बहुतेक वेळा ते नाम असतं. सगळ्या कसोट्या सगळ्या नामांना लागत नाहीत. ‘मुंबई’च्या आधी ‘द’ येत नाही, ‘हेल्थ’चं अनेकवचन होत नाही. ‘रनिंग इज गुड’ मध्ये ‘रनिंग’ काढून ‘इट’ ठेवा. ‘इट इज गुड.’ चाललं. वाद मिटला.

‘अ’ आणि ‘अ‍ॅन’ बद्दल एक ओळ, कारण ही चूक सुशिक्षित माणसंही करतात. निवड स्पेलिंगवर होत नाही, उच्चारावर होते. म्हणून ‘अ‍ॅन एमएलए’ आणि ‘अ‍ॅन अवर’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’ आणि ‘अ वन-वे’.

मोजायचं की नाही, खरी गोम इथे आहे

शाळेत नामाचे पाच प्रकार पाठ करून घेतात: विशेषनाम, सामान्यनाम, समूहवाचक, पदार्थवाचक, भाववाचक. परीक्षेसाठी करा. पण रोजच्या इंग्रजीत आपली फजिती ज्याने होते तो भेद वेगळाच आहे, मोजता येणारं नाम आणि मोजता न येणारं नाम. माझं मत विचाराल तर पाच प्रकारांवर जाणारा तास यावर घालवायला हवा.

मोजता येणारं म्हणजे ज्याच्याआधी ‘वन, टू, थ्री’ लावता येतं: ‘वन चेअर, टू चेअर्स’. मोजता न येणारं म्हणजे ज्याला इंग्रजी एक सलग ढीग समजते: ‘वॉटर’, ‘ट्रॅफिक’, ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘इन्फर्मेशन’, ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘होमवर्क’. यांच्याआधी ‘अ’ लागत नाही आणि शेवटी अनेकवचनाचा ‘स’ लागत नाही. ऑफिसच्या मेलमध्ये ‘इन्फर्मेशन्स’ आणि ‘अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस’ सर्रास दिसतात. दोन्ही चूक. एक सल्ला हवा असेल तर ‘अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस’.

हे आपल्याला जड जातं, कारण मराठी वेगळ्याच गोष्टी मोजते. आपले तांदूळ अनेकवचनी: तांदूळ निवडले, तांदूळ महागले. इंग्रजी ‘राइस’ कायम एकवचनी ढीग. आपले केस गळतात, म्हणून आपण ‘माय हेअर्स आर फॉलिंग’ म्हणून मोकळे होतो, पण इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून एकच ‘हेअर’. मात्र खानावळीच्या आमटीत दोन केस सापडले तर ‘टू हेअर्स’ अगदी बरोबर, कारण आता एकेक केस मोजलाय. उलट आपली कात्री एक आणि चष्मा एक, पण इंग्रजीत ‘सिझर्स आर’ आणि ‘स्पेक्टॅकल्स आर’. ‘न्यूज’च्या स्पेलिंगच्या शेवटी ‘एस’ बघून फसू नका, ती एकवचनी: ‘द न्यूज इज गुड.’ ‘पोलीस’ मात्र इंग्रजीत अनेकवचनी: ‘द पोलीस आर कमिंग.’ एकच आला असेल तर ‘अ पोलीस ऑफिसर’. आणि रिक्षावाल्याला म्हणायचं ‘पाचशे रुपये जास्त झाले’, हे इंग्रजीत ‘फाइव्ह हंड्रेड रुपीज इज टू मच’. तिथे रक्कम एक धरतात.

सामानाच्या बाबतीत मात्र मराठी आणि इंग्रजीचं जमतं. आपणही ‘तीन सामानं’ म्हणत नाही, ‘सामानाचे तीन नग’ म्हणतो. इंग्रजी ‘थ्री पीसेस ऑफ लगेज’ म्हणते. नेमकी हीच सवय ‘अ‍ॅडव्हाइस’ आणि ‘इन्फर्मेशन’ला लावायची.

हॉटेलात आपण ‘दोन चहा’ सांगतो तेव्हा चहा मोजता येणारा झालेला असतो, आणि इंग्रजीतही ‘टू टीज’, ‘टू कॉफीज’ चालतं, कारण कप मोजलेत. ‘पेपर’ म्हणजे कागद, तेव्हा मोजता न येणारा. ‘पेपर कठीण गेला’ मधला किंवा सकाळी दाराशी पडतो तो पेपर मोजता येणारा. म्हणजे हा भेदसुद्धा शब्दाच्या अंगाला कायमचा चिकटलेला नाही.

याचा परिणाम शेजारच्या शब्दांवर होतो. मराठीत ‘खूप’ सगळीकडे चालतो: खूप गाड्या, खूप ट्रॅफिक. इंग्रजीत गाड्यांना ‘मेनी’ आणि ट्रॅफिकला ‘मच’. ‘टू मेनी ट्रॅफिक’ असा मेसेज उशिरा पोहोचणाऱ्यांकडून हमखास येतो.

एका बाबतीत इंग्रजीचे आभार मानावेत. तिच्या नामांना लिंग नाही. आपण ‘ती बस, तो प्लॅटफॉर्म, ते तिकीट’ असं परक्या शब्दांनाही लिंग देतो आणि मग ‘मोठा, मोठी, मोठं’ जुळवत बसतो. इंग्रजीत ‘बिग’ म्हटलं की काम झालं.

उच्चार जात सांगतो

काही शब्दांत नाम आणि क्रियापद यांचा फरक कानाला कळतो. रिक्षाचं ‘परमिट’ म्हणताना जोर पहिल्या भागावर, ‘पर’वर. ‘परमिट मी’ म्हणजे मला परवानगी द्या, तिथे जोर ‘मिट’वर. ‘रेकॉर्ड’, ‘प्रेझेंट’, ‘ऑब्जेक्ट’ यांचंही तसंच, नामात जोर आधी आणि क्रियापदात नंतर. मराठीत जोर बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपण हे ऐकतच नाही. ‘अ‍ॅडव्हाइस’ मध्ये तर स्पेलिंगही बदलतं: शेवटी ‘स’ ऐकू आला तर नाम, ‘झ’ ऐकू आला तर क्रियापद.

क्रियाविशेषणांबद्दल शाळेत सांगतात, शेवटी ‘ली’ असतं. ‘स्लोली’ला असतं. पण ‘फास्ट’ला नसतं, आणि ‘फ्रेंडली’ला ‘ली’ असून ते विशेषण आहे. सगळ्यात महाग पडणारी चूक ‘हार्ड’ची. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो खूप मेहनत करतो. त्याला ‘ली’ लावून ‘ही हार्डली वर्क्स’ म्हटलं तर तो जवळजवळ काम करतच नाही असा अर्थ होतो. कोणाच्या शिफारसपत्रात हे लिहू नका.

आधी की नंतर?

आपलं शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येतं आणि त्याला चिकटतं: टेबलाखाली, घरासमोर. इंग्रजीतलं नामाच्या आधी उभं राहतं: ‘अंडर द टेबल’. हा क्रम मुलं पटकन शिकतात. चुका होतात त्या कोणतं अव्यय निवडायचं यात, कारण मनात मराठी चालू असते. ‘त्याबद्दल चर्चा केली’ यावरून ‘डिस्कस्ड अबाउट इट’, पण इंग्रजीत नुसतं ‘डिस्कस्ड इट’. ‘तिच्याशी लग्न केलं’ यावरून ‘मॅरीड विथ हर’, हवं नुसतं ‘मॅरीड हर’. ‘माझ्यावर रागावला’ यावरून ‘अँग्री ऑन मी’, हवं ‘अँग्री विथ मी’. यांना नियम नाही, ऐकून आणि वाचूनच बसतात.

इथेही जात जागेवरच ठरते. बसमध्ये ‘मूव्ह इनसाइड’ म्हटलं तर ‘इनसाइड’च्या पुढे नाम नाही, म्हणून क्रियाविशेषण. ‘इनसाइड द बस’ म्हटलं तर पुढे नाम आलं, म्हणून शब्दयोगी.

उभयान्वयी अव्ययांत एकच सांगण्यासारखं. मराठीत ‘जरी’ला ‘तरी’ लागतो, म्हणून आपण ‘ऑल्दो’च्या जोडीला ‘बट’ आणतो. इंग्रजीला दोघांपैकी एकच पुरतो.

पण डिक्शनरीत तर जात छापलेली असते!

असते. नीट बघितलं तर बऱ्याच शब्दांपुढे दोन-तीन असतात. ‘बॅक’ उघडून बघा, नाम, विशेषण, क्रियाविशेषण, क्रियापद सगळे एकाखाली एक दिसतील. हा शब्द कोणकोणती कामं करू शकतो ते डिक्शनरी सांगते. तुमच्या वाक्यात त्याने कोणतं केलं ते तुम्हालाच ठरवायचंय.

आणि आठच का?

आठ हा आकडा फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातल्या डायोनिसियस थ्रॅक्स या ग्रीक वैयाकरणाच्या नावावर असलेल्या व्याकरणात आठ जाती आहेत, पण त्या आजच्या नाहीत. त्यात विशेषण वेगळं नव्हतं, नामातच होतं. ‘द’सारख्या शब्दांची मात्र स्वतंत्र जात होती. पुढे लॅटिनच्या व्याकरणकारांनी तीच यादी घेतली. लॅटिनमध्ये ‘द’सारखा शब्दच नाही, एक जागा रिकामी झाली, तिथे केवलप्रयोगी अव्यय आलं आणि आकडा पुन्हा आठ झाला. इंग्रजीने हा वारसा उचलला आणि नंतर विशेषणाला वेगळं केलं.

आपल्याकडे यास्कांच्या ‘निरुक्त’ या प्राचीन संस्कृत ग्रंथात चार आहेत: नाम, आख्यात म्हणजे क्रियापद, उपसर्ग आणि निपात म्हणजे अव्यय. पाणिनीला पदांचे दोनच प्रकार पुरले. आपण शाळेत मराठीच्या आठ जाती शिकतो त्या इंग्रजीच्या वळणाच्या. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी इंग्रजी व्याकरणाचा साचा समोर ठेवून ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ लिहिलं, ते 1836 साली प्रसिद्ध झालं. दोन्ही भाषांच्या याद्या इतक्या बेमालूम जुळतात त्याचं कारण हेच आहे. आजचे भाषाअभ्यासक इंग्रजीत ‘द’, ‘अ’, ‘धिस’, ‘माय’ यांना ‘डिटर्मिनर’ नावाची वेगळी जात देतात, म्हणजे यादी अजूनही हलते आहे.

हे न शिकता इंग्रजी बोलता येतं की!

येतं. कुलाब्यात पर्यटकांना वस्तू विकणारी मुलं व्याकरणाचं पुस्तक न उघडता फाडफाड बोलतात. ज्याला दिवसभर इंग्रजी ऐकायला मिळतं त्याला शब्दाची जागा कानाने कळते. ज्याला ते मिळत नाही, ज्याचं इंग्रजी पुस्तकातून आणि मेलमधून येतं, त्याला ही माहिती उपयोगी पडते. ऑफिसात ‘अपडेशन’ हा शब्द बघा. ‘अपडेट’ हे क्रियापद आहे, मग नाम करायला शेपूट लावलं पाहिजे असं वाटून तो तयार झाला. ‘अपडेट’ स्वतःच नामही आहे, हे माहीत असतं तर गरज पडली नसती. अर्थात भाषेत असलं बरंच काही रुळतं. आपल्याकडचं ‘प्रीपोन’ आता ऑक्सफर्डच्या डिक्शनरीतही आहे. तरी परदेशी क्लायंटला मेल लिहिताना ‘अपडेट’च लिहा.

राहिला एक चिवट प्रश्न, वर्कशीटवर तो येतोच. ‘रेल्वे स्टेशन’ मधला ‘रेल्वे’ नाम की विशेषण? शाळेची बरीच पुस्तकं विशेषण म्हणतात, कारण तो स्टेशनबद्दल सांगतो. नवं व्याकरण त्याला नामच मानतं, नामापुढे उभं राहून विशेषणाचं काम करणारं, कारण ‘व्हेरी रेल्वे’ किंवा ‘मोअर रेल्वे स्टेशन’ असं खऱ्या विशेषणासारखं होत नाही. मला दुसरं पटतं. पण मार्क वर्गशिक्षिका देणार आहेत, तेव्हा आधी मुलाच्या पुस्तकात काय छापलंय ते बघा आणि तेच लिहू द्या.